मावशी, मामा आणि कोरोना

माझी आतेबहीण एका सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे. मे २०२०मध्ये तिला कोविड आयसीयूची ड्यूटी लागली तेव्हा घरावर अवकळा आली होती. आत्याने देवापुढचा दिवा विझू दिला नाही. ताईने ती ड्यूटी पार पाडली, नंतर रुग्णालयाने घेतलेल्या लॉजवर विलगीकरणाचे दिवस काढले आणि ठणठणीत घरी आली. तिला कोरोना झाला तो ऑगस्टमध्ये, साध्या मेडिसिन वॉर्डात. तिथे कोविडचा पेशंट नाही असं सगळे धरून चालले होते. तिच्या चार दिवस आधी त्याच वॉर्डातल्या मावशी तापाने आडव्या झाल्या होत्या.

दवाखान्यातल्या मावशी आणि मामा सगळ्यांना माहीत असतात. लादी पुसणं, बेडपॅन देणं, मळलेल्या चादरी गोळा करणं मावशींकडे, स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलणं मामांकडे. त्यांची नावं मात्र फार थोड्या लोकांना ठाऊक असतात.

ताईच्या आजारपणाने माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. रुग्णालयात नेमका धोका कुणाला होता? एका घरातल्या एका अनुभवावरून याचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी शेकडो-हजारो कर्मचाऱ्यांचं रक्त तपासावं लागतं, आणि काही ठिकाणी ते वेळेत तपासलं गेलं होतं.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात पहिली लाट नुकती ओसरू लागली होती. २४ आणि २५ एप्रिल २०२० या दोन दिवसांत तिथल्या विद्यापीठ रुग्णालयातल्या सुमारे साडेपाचशे कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. हे सगळे त्या दिवशी कामावर आलेले, बरं वाटत असलेले लोक होते. त्यांच्या रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का, ते पाहिलं गेलं. प्रतिपिंडं म्हणजे विषाणूने मागे ठेवलेली पावलांची खूण. आज नाकात विषाणू नसला तरी तो येऊन गेला होता, हे त्यातून कळतं. एकूण २४.४ टक्के लोकांच्या रक्तात ही खूण सापडली, म्हणजे जवळपास दर चौघांत एक. आयसीयूतल्या कर्मचाऱ्यांत हे प्रमाण होतं १४.८ टक्के. साफसफाई करणाऱ्यांत ३४.५ टक्के.

सगळ्यात भीतीदायक समजल्या जाणाऱ्या खोलीत सरासरीहून बराच कमी संसर्ग, आणि लादी पुसणाऱ्यांत त्याच्या दुपटीहून जास्त. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ताईच्या वॉर्डातल्या मावशीच डोळ्यांसमोर आल्या.

साडेपाचशे ही संख्या तशी लहान, म्हणून ऑक्सफर्डचा मोठा अभ्यासही पाहू. तिथल्या रुग्णालयांनी १० हजारांहून जास्त कर्मचारी तपासले. त्यातल्या ११.२ टक्के लोकांना संसर्ग झाल्याचा पुरावा मिळाला. कोविडचे रुग्ण असलेल्या भागात काम करणाऱ्यांत हे प्रमाण २२.६ टक्के होतं, बाकी ठिकाणी ८.६. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण आत डोकावलं की पुन्हा तेच चित्र दिसतं. कामाच्या प्रकारानुसार पाहिलं तर सर्वांत जास्त झळ मामा आणि मावशींना, १८.६ टक्के. विभागांत तातडीच्या मेडिसिनच्या वॉर्डात २७.४ टक्के आणि आयसीयूत अवघे ९.९ टक्के. कृष्णवर्णीय आणि आशियाई कर्मचाऱ्यांचा धोकाही गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त होता.

आयसीयू तुलनेने सुरक्षित का ठरला, हे समजून घेण्यासारखं आहे.

पहिलं कारण आजाराच्या वेळापत्रकात आहे. कोरोना झालेला माणूस सर्वांत जास्त विषाणू सोडतो तो लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून नंतरच्या पहिल्या काही दिवसांत. श्वास कमी पडून आयसीयूत पोचेपर्यंत बहुतेकांचा दुसरा आठवडा लागलेला असतो. तोवर घशा-नाकातला जिवंत विषाणू पुष्कळ ओसरलेला असतो, आणि आजाराचं मोठं कारण उरते ती शरीराचीच बेफाम झालेली प्रतिकारशक्ती. काही अत्यवस्थ रुग्ण जास्त दिवस विषाणू सोडत राहतात हे खरं, पण सरासरीने पाहता कॅज्युअल्टीत खोकत बसलेला, अजून तपासणी न झालेला माणूस जास्त संसर्ग पसरवतो. त्याला व्हीलचेअरवर बसवून एक्स-रेला नेतात ते मामा, तोंडाजवळ वाकून त्याची उलटी पुसतात त्या मावशी.

दुसरं कारण हवा. आयसीयूत आणि शस्त्रक्रियागृहात खोलीतली हवा तासाला अनेकदा बदलली जाते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा श्वास बंद नळ्यांमधून गाळून बाहेर पडतो. साध्या वॉर्डात चाळीस खाटा, पंखे, पावसाळ्यात बंद केलेल्या खिडक्या, आणि खाटेगणिक एक नातेवाईक.

तिसरं कारण मास्क, आणि त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. २०२०च्या सुरुवातीला समज असा होता की हा विषाणू मुख्यतः खोकल्या-शिंकेतल्या मोठ्या थेंबांतून पसरतो. थेंब जड, दोन-तीन हातांवर खाली पडणारे. त्यामुळे साधा सर्जिकल मास्क आणि हात धुणं पुरेसं आहे असं सांगितलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२०मध्ये तर 'कोविड हवेतून पसरत नाही' असं ठासून सांगितलं होतं. एन-९५ मास्क राखून ठेवले गेले ते घशात नळी टाकण्यासारख्या मोजक्या प्रक्रियांसाठी, कारण त्यातून सूक्ष्म कण उडतात असं मानलं जात होतं. पुढे ब्रिस्टलच्या संशोधकांनी शस्त्रक्रियागृहात कण मोजण्याचं यंत्र लावून पाहिलं. बेशुद्ध रुग्णाच्या घशात शांतपणे नळी टाकताना उडणारे कण एका साध्या खोकल्याच्या तुलनेत नगण्य निघाले! म्हणजे खोकणारा, बोलणारा, धापा टाकणारा जागा माणूस हाच हवेत कण सोडणारा मोठा स्रोत होता, आणि त्याच्याजवळ दिवसभर वावरणाऱ्यांच्या तोंडावर पातळ मास्क होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२०मध्ये केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष याच्या उलट वाटतो. त्यात संसर्ग झालेल्या आणि न झालेल्या साडेसातशे आरोग्य कर्मचाऱ्यांची तुलना केली होती, आणि नळी टाकणाऱ्यांत संसर्गाची शक्यता चौपटीहून जास्त दिसली. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत. शस्त्रक्रियागृहातलं ठरवून केलेलं काम वेगळं, आणि रात्री तीन वाजता तडफडणाऱ्या, खोकणाऱ्या रुग्णाच्या तोंडावर वाकून घाईने टाकलेली नळी वेगळी. नळीपेक्षा त्या तोंडाशी आलेली जवळीक जास्त भोवत असावी. त्याच अभ्यासात पीपीई किट वापरणाऱ्यांना संरक्षण मिळाल्याचंही स्पष्ट दिसलं होतं.

मास्क बदलल्याने काय होतं ते केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयात दिसलं. डिसेंबर २०२०मध्ये तिथे कोविड वॉर्डातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना सर्जिकल मास्कऐवजी एन-९५हूनही वरच्या दर्जाचे, चेहऱ्याला घट्ट बसणारे मास्क देण्यात आले. त्याआधीच्या आठवड्यांमध्ये कोविड वॉर्डातले कर्मचारी इतर वॉर्डांपेक्षा सतत जास्त आजारी पडत होते. बदलानंतर दोन्हीकडचं प्रमाण जवळपास सारखं झालं. वॉर्ड तेच, रुग्ण तसेच, बदलला फक्त मास्क.

आता आकडे वाचताना होणाऱ्या एका गफलतीबद्दल, कारण तेव्हाच्या बातम्यांमध्ये ती सर्रास होत होती. ब्रिटन आणि अमेरिकेत वीस लाखांवर लोकांनी एका मोबाइल ॲपवर रोज आपली तब्येत नोंदवली. त्यात सुमारे एक लाख आरोग्य कर्मचारी होते. पहिल्या हिशोबात त्यांचा पॉझिटिव्ह येण्याचा धोका सामान्य लोकांच्या साडेअकरा पट निघाला. पण त्या काळात सामान्य माणसाला तपासणी मिळतच नव्हती, आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळत होती. जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडणारच. हा फरक हिशोबात धरल्यावर आकडा ३.४ पटीवर आला. तोही कमी नाही. तोच तोच मास्क आणि किट पुन्हा वापरावे लागलेल्यांत धोका आणखी वाढलेला होता.

रक्ततपासणीत हा गोंधळ कमी होतो, कारण तिथे ताप आलेला आणि न आलेला असे सगळेच सुईला सामोरे जातात. आपल्याकडे डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१मध्ये झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात प्रौढांपैकी २१.४ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांत २५.७ टक्के. फरक आहे, पण जेमतेम चार टक्क्यांचा. तोपर्यंत विषाणू वस्तीवस्तीत शिरला होता. मुंबईत तर जुलै २०२०मधल्या सर्वेक्षणातच तपासलेल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला दिसला, बिगर-झोपडपट्टी भागात १६ टक्के. आता विचार करा, मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयातल्या मावशी ड्यूटी संपवून कुठे जातात? दहा बाय दहाच्या खोलीत, सार्वजनिक नळावर, सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत. त्यांना संसर्ग वॉर्डात झाला की वस्तीत, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. धोका दोन्हीकडून होता, एवढं मात्र नक्की.

घराचा हा धागा ऑक्सफर्डच्या अभ्यासातही ठळक आहे. घरात कोविडचा रुग्ण असलेल्या कर्मचाऱ्यांत संसर्गाचं प्रमाण ३८.५ टक्के होतं, कोविड वॉर्डातल्या कामापेक्षाही जास्त. आणि उलट दिशेने पाहिलं तर स्कॉटलंडमध्ये रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा धोका वाढलेला होता. ताई विलगीकरण संपल्यावरही आठ दिवस आत्याच्या जवळ गेली नाही, जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायला लावायची. तेव्हा मला तो अतिरेक वाटला होता. तो अतिरेक नव्हता.

रुग्णालयाच्या आत आणखी एक जागा होती जिच्याकडे फार उशिरा लक्ष गेलं. ताईने सांगितलेलं दृश्य असं: सहा तास किटमध्ये. पाणी नाही, लघवीला जाणं नाही, गॉगलच्या आत घामाचं तळं. मग बाहेर येऊन किट उतरवणं. आधी वरचे हातमोजे, मग गाउन आतली बाजू बाहेर करत गुंडाळत, प्रत्येक पायरीला हात सॅनिटायझरने चोळायचे, मास्क सगळ्यात शेवटी आणि तोही मागच्या इलास्टिकला धरून. थकलेल्या माणसाची एक पायरी चुकली की संपलं. हे सगळं काटेकोर पार पाडून सहाही सिस्टर एका खिडकी नसलेल्या छोट्या खोलीत शिरायच्या, मास्क काढायच्या आणि डबे उघडायच्या. सहा तासांची भूक. एकीने आणलेली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांच्या डब्यात. तिथे कुणी कुणाला पेशंट समजत नव्हतं. एप्रिल २०२०च्या सुरुवातीला मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात एकाच वेळी पंचवीसहून अधिक नर्स पॉझिटिव्ह निघाल्या. डोळ्यांदेखत दिसणाऱ्या रुग्णापासून माणूस सावध राहतो, सोबत जेवणाऱ्या मैत्रिणीपासून राहत नाही.

हे टाळता आलं असतं का? मला वाटतं, पुष्कळ अंशी आलं असतं. जानेवारी २०२०च्या अखेरीपासून चीनच्या ग्वांगचौ शहरातून ४२० डॉक्टर-नर्स वुहानला पाठवले गेले. सहा ते आठ आठवडे त्यांनी थेट कोविड रुग्णांची सेवा केली, बरेच जण आयसीयूत. काम संपल्यावर त्यांची पीसीआर आणि प्रतिपिंड अशी दोन्ही तपासणी झाली. एकही पॉझिटिव्ह निघाला नाही. त्यांना पूर्ण संरक्षक पोशाख होता, तो घालण्या-उतरवण्याचं आधी प्रशिक्षण होतं आणि चार ते सहा तासांच्या पाळ्या होत्या. त्याच वुहानमध्ये ली वेनलियांग हे डोळ्यांचे डॉक्टर काचबिंदूच्या एका रुग्णाला तपासत होते. तिला कोविड आहे अशी कुणाला शंकाही नव्हती. तिच्यापासून त्यांना संसर्ग झाला आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी ते गेले.

जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या सरकारने मार्च २०२०मध्येच आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यात कंत्राटी कामगारही होते. ते योग्यच झालं. पण विमा माणूस गेल्यावर मिळतो. ताईच्या रुग्णालयात ठेकेदाराकडून आलेल्या मावशींना एन-९५ मिळायला सप्टेंबर उजाडला, आणि तोही पाच दिवसांना एक. तो चेहऱ्याला नीट बसतो का, हे कुणी तपासलं नाही.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झालं तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला दिली गेली. हा क्रम मला आजही फार मोलाचा वाटतो. त्या लसीने काय केलं ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पुढच्याच लाटेत मोजलं. तिथले १० हजार ६०० कर्मचारी, फेब्रुवारी ते मे २०२१, म्हणजे डेल्टाचा कहर. दोन डोस घेतलेल्यांना संसर्गापासून ६५ टक्के संरक्षण मिळालं, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के आणि आयसीयूपासून ९४ टक्के.

ताईच्या वॉर्डातल्या मावशी वीस दिवसांनी कामावर परतल्या. जानेवारीच्या अखेरीस रुग्णालयाच्या लसीकरणाच्या रांगेत त्या ताईच्या पुढे उभ्या होत्या. नोंदणी करणाऱ्या मुलाने नाव विचारलं. त्यांनी ते सांगितलं, आणि दोन वर्षं सोबत काम केलेल्या ताईने ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.