कार्निव्हल ग्लास : स्वस्तातल्या झळाळीची पार्श्वभूमी

अमेरिकेत जुन्या काचसामानाचा छंद असलेल्या कुणाच्याही कपाटात कार्निव्हल ग्लासचा एखादा तरी वाडगा असतोच. रंग केशरी-सोनेरी नाहीतर गडद जांभळा, कडेला झालरीसारख्या चुण्या, आत द्राक्षांचे घड किंवा कारंज्याशेजारचा मोर, आणि उजेडात फिरवला की डबक्यातल्या पाण्यावर पसरलेल्या तेलासारखे रंग बदलत जातात. दुर्मिळ रंगाच्या अशा एका वाडग्याला लिलावात हजारो डॉलर येतात. 1910 च्या सुमारास हाच माल घाऊक व्यापाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये डझनाच्या भावाने विकला जात होता. एवढी किंमत चढायला कारण काय, हे समजायचं तर नक्कल, भट्टी आणि साचे या तिन्ही गोष्टींकडे बघावं लागतं.

नक्कल टिफनी या काच-कलावंताच्या महागड्या काचेची. शतकानुशतकं मातीत गाडल्या गेलेल्या रोमन काचेवर ओलाव्याने एक इंद्रधनुषी थर चढतो. एकोणिसाव्या शतकात उत्खननात असे तुकडे सापडू लागले आणि युरोपातल्या कारागिरांना ती झळाळी मुद्दाम आणावीशी वाटली. बोहेमिया-ऑस्ट्रियात 1870 च्या दशकात ते जमू लागलं होतं. न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनीने 1890 च्या दशकात ‘फाव्रिल’ काच आणली, तर 1904 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या स्ट्यूबेन कारखान्यात फ्रेडरिक कार्डरने ‘ऑरिन’ काढली. दोन्ही हाताने फुंकलेल्या, देखण्या आणि मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच्या. बैठकीत टिफनीची फुलदाणी असावी असं वाटणारी घरं भरपूर होती, तेवढे पैसे असलेली मोजकी.

ही फट बुजवली ती पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या कारखान्यांनी. वितळलेली काच लोखंडी साच्यात दाबून भांडी काढण्याचं तंत्र अमेरिकेत 1820 च्या दशकापासून होतंच. 1864 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या विल्यम लेटनने शिशाऐवजी सोडा आणि चुना वापरून स्वच्छ काच बनवली आणि कच्च्या मालाचा खर्च एकदम खाली आला. त्यात या पट्ट्यात कोळसा, चांगली वाळू, नैसर्गिक वायू आणि मालवाहतुकीला नदी, सगळंच हाताशी.

फ्रँक आणि जॉन फेंटन या भावांनी 1905 मध्ये ओहायोतल्या मार्टिन्स फेरीला धंदा सुरू केला, तो दुसऱ्यांच्या काचेवर रंगकाम करण्याचा. कोरा माल मिळेनासा झाला तेव्हा त्यांनी नदीपलीकडे विल्यम्सटाउनला स्वतःची भट्टी लावली. 1907 च्या सुरुवातीला तिथे पहिली काच निघाली. रंगांचं काम जेकब रोझेन्थलकडे होतं. इंडियाना राज्यातल्या ग्रीनटाउनला चॉकलेटी काच करून त्याने आधीच नाव कमावलेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस फेंटनचा झळाळता माल बाजारात आला. पुढच्याच वर्षी व्हीलिंगच्या हॅरी नॉर्थवुडने ‘गोल्डन आयरिस’ काढली. नॉर्थवुड मूळचा इंग्लंडमधल्या स्टॉरब्रिज भागातला, नामांकित काच-कलावंताचा मुलगा. त्याच्या साच्यांतली द्राक्षं आणि मोर आजही सगळ्यांत जास्त मागणीचे आहेत, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. ओहायोतल्या बेलेअरचा इंपीरियल आणि पेनसिल्व्हेनियातला डुगन हे कारखानेही लगोलग मैदानात उतरले.

जॉन फेंटनची कथा वेगळी. भावापासून बाजूला होऊन त्याने 1909 मध्ये ओहायोच्या मिलर्सबर्गला, जुन्या साध्या रीतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या मुलखात, स्वतंत्र कारखाना थाटला. त्याच्या मालाला आरशासारखी चकाकी होती, ‘रेडियम’ या नावाने ती ओळखली जाते. माल उत्तम, हिशोब मात्र कच्चा. 1911 मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं. इतक्या थोड्या काळात जे बाहेर पडलं तेवढंच जगात आहे, म्हणून मिलर्सबर्गचं नाव निघालं की संग्राहकांचे कान टवकारतात.

आता भट्टीपाशी काय चाले ते जरा जवळून पाहू. एक माणूस सळईवर वितळलेल्या काचेचा गोळा उचलून साच्यावर धरी. दुसरा कात्रीने हवी तेवढी काच तोडून तरफ ओढी, तशी वरून दट्ट्या उतरे आणि आतबाहेर दोन्हीकडे नक्षी उठे. भांडं साच्यातून निघालं की बुडाशी चिमट्याने धरून पुन्हा तापवत आणि लाकडी अवजाराने कडा ओढून तिला चुण्या पाडत. एकाच साच्यातून निघालेला वाडगा अशा रीतीने कधी ताटलीसारखा पसरे, कधी टोपीसारखा वर वळे. शेवटी गरम असतानाच त्यावर धातूच्या क्षारांचा फवारा मारत. साध्या पारदर्शक काचेवर लोहक्षार मारले की ‘मॅरीगोल्ड’ हा झेंडूसारखा केशरी रंग येई, कथिलाच्या क्षारांनी फिकट, रेशमी झाक. काच फार तापलेली असेल तर थर मंद दिसे, थोडी निवलेली असेल तर लखलखीत. फवारल्यावर पुन्हा ओढली तर कांद्याच्या पापुद्र्यासारख्या बारीक रेषा उमटत, त्या मालाला ‘स्ट्रेच ग्लास’ म्हणतात.

त्यामुळे नक्षी एक असली तरी कोणतेही दोन वाडगे हुबेहूब सारखे निघत नाहीत. मालकाच्या दृष्टीने हा दोष होता. आजचा ग्राहक पैसे मोजतो ते नेमके यालाच. मूळ काचेचा रंग ओळखायला जाणकार वाडगा उलटा करून बूड उजेडाशी धरतात, कारण झळाळी डोळ्यांना चकवते आणि निळ्याला जांभळा म्हणून विकणारे कमी नाहीत.

हा माल एवढा स्वस्त पडण्यामागे आणखी एक कारण होतं आणि ते कॅटलॉगात छापलेलं नसे. त्या काळच्या काचकारखान्यांत लहान मुलं सर्रास कामाला असत. तयार भांडी पळत पळत निववण्याच्या भट्टीकडे न्यायची आणि पुन्हा धावत परत यायचं, रात्रपाळीतसुद्धा. बालमजुरीचे फोटो काढणाऱ्या लुईस हाइनने 1908 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यांत काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत. मॉर्गनटाउनच्या एका फोटोत फुंकणी धरलेल्या कारागिराच्या पायाशी साचा सांभाळणारा मुलगा दिसतो. तिथे कार्निव्हल ग्लास होत नसे, पण कामाची पद्धत सगळीकडे तीच. जुन्या काचेबद्दल हळवं होऊन लिहिणारे हे सहसा वगळतात.

पहिल्या महायुद्धानंतर हौस ओसरली. जे स्वस्तात घरोघरी पोचलं त्याला प्रतिष्ठा कसली? नॉर्थवुड 1919 मध्ये वारला. उरलासुरला माल जत्रांमध्ये नेमबाजीच्या खेळात बक्षीस म्हणून वाटला गेला, असं सांगतात, आणि ‘कार्निव्हल’ हे नाव त्यावरूनच पडलं. हे नाव रूढ केलं ते 1950 च्या दशकानंतरच्या संग्राहकांनी. 1929 च्या मंदीनंतर तर यंत्रावर भराभर निघणारी गुलाबी, हिरवी, पिवळी भांडी ओटच्या डब्यांतून आणि सिनेमाच्या तिकिटावर फुकट मिळू लागली. या ‘डिप्रेशन ग्लास’चा छंदही मोठा आहे, पण तिच्यात हाताचं काम जवळपास नाही. अतिनील दिव्याखाली हिरवी चमकणारी युरेनियमची काच हा तिचाच शेजारचा कप्पा. दुसऱ्या महायुद्धात सरकारने युरेनियमवर बंधन घातलं आणि तो धंदा काही वर्षं थांबला.

खरा गुंता 1960 च्या दशकात सुरू झाला. संग्राहकांच्या संघटना उभ्या राहिल्या, नक्षींना नावं मिळाली, भाव चढले आणि ते पाहून कारखान्यांनी जुने साचे पुन्हा बाहेर काढले. इंपीरियलने नव्या मालावर ‘आयजी’ ही खूण टाकली. फेंटनने 1970 पासून लंबगोलात स्वतःचं नाव उठवलं, म्हणून तो माल ओळखणं सोपं. पण कारखाने बंद पडले की साचे विकले जातात, आणि साचा कुणाच्या हाती गेला यावर खूण राहील की खरवडून टाकली जाईल हे ठरतं. नॉर्थवुडची वर्तुळातल्या ‘एन’ची खूण तर इतकी मोलाची ठरली की तिच्याशी मिळतीजुळती अक्षरं दुसऱ्यांनी वापरून पाहिली. शेवटी अमेरिकेतल्या एका संग्राहक संघटनेने तिचे हक्कच स्वतःकडे घेतले. शिवाय नॉर्थवुडचा पुष्कळसा अस्सल माल बिनखुणेचाही आहे. तेव्हा नुसती खूण पाहून पैसे देणारा फसतो, आणि खूण नाही म्हणून सोडून देणाराही. इंपीरियल 1984 मध्ये बंद झाला, फेंटनची भट्टी 2011 मध्ये विझली. मधल्या काळात घरबसल्या ऑनलाइन लिलाव आले आणि जो मॅरीगोल्ड वाडगा दुर्मिळ वाटत होता तो गल्लोगल्ली आहे हे उघड झालं. साध्या मालाचे भाव पडले, निळ्या-लाल दुर्मिळ रंगांचे टिकून राहिले.

या काचेचा आपल्याशीही एक धागा आहे. अमेरिकेत ती बाजारात येत होती त्याच सुमारास, 1908 मध्ये, लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना तळेगाव दाभाडे इथे सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम पाहत होते. तिथला भर गरजेच्या वस्तूंवर होता, झळाळीचा खेळ आपल्याकडे पुढे फिरोजाबादला रंगला. तिथल्या जैन ग्लास वर्क्सने मॅरीगोल्ड रंगात पेले, हत्तीच्या आणि माशाच्या नक्षीच्या फुलदाण्या आणि फूल धरलेल्या हाताच्या आकाराच्या फुलदाण्या काढल्या. काच पातळ, आकार थोडे वाकडे, पण हा हात वेगळाच. अमेरिकन आणि इंग्लिश संग्राहक आता तो मागून घेतात. जुन्या बाजारात केशरी झळाळीचा एखादा पातळ पेला दिसलाच, तर आधी उलटा करावा. रोमन लिपीत ‘जैन’ ही अक्षरं कित्येकदा बुडाशीच उमटलेली असतात.