अंबाबाईचा किरणोत्सव: सूर्य खरंच वाट बदलतो का?

‘कोल्हापुरात वर्षातून दोनदाच सूर्य वाट बदलून अंबाबाईच्या पायाशी येतो, विज्ञानाकडे याचं उत्तर नाही’ हा फॉरवर्ड जुनाच. परदेशातून आलेल्या पाहुण्यांनाही आपण कौतुकाने हेच सांगतो. श्रद्धेने सांगतो, त्यात गैर काही नाही. पण उत्तर आहे, आणि ते फार देखणं आहे.

सूर्य रोज नेमका पश्चिमेला मावळत नाही. मावळतीची जागा २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडे सरकते आणि मग परत फिरते. म्हणजे वाटेतली प्रत्येक जागा वर्षातून दोनदा येणारच. किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण देवीच्या मूर्तीपर्यंत पोचण्याचा सोहळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात असतो. मोजून पाहा, दोन्ही वेळा २१ डिसेंबरपासून साधारण ४२ दिवसांच्या अंतरावर आहेत.

मंदिर पश्चिमाभिमुख. महाद्वारातून आलेली तिरीप गरुड मंडप, पितळी उंबरा ओलांडून आत जाते. सूर्य खाली उतरेल तसे किरण आडवे होतात, म्हणून उजेड आधी चरणांवर आणि मग वर चढतो. ढग, धूळ किंवा वाटेतलं बांधकाम आडवं आलं तर तो कमरेपर्यंतच पोचतो. त्या वर्षी देवीचा कोप झाला, असं अजिबात समजू नये.

खात्री घरीच होते. १० नोव्हेंबरला पश्चिमेच्या खिडकीतून मावळतीचं ऊन भिंतीवर जिथे पडेल तिथे पेन्सिलीने खूण करा, १ फेब्रुवारीला पुन्हा बघा. खरं नवल त्या स्थपतींचं, ज्यांनी हा हिशेब दगडात बसवला. पाहुण्यांना तेही अवश्य सांगा.