मानेतून आलेले श्वासपटल

दुर्बिणीतून पित्ताशय काढलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी उठून बसला की पुष्कळदा पोटावरच्या टाक्यांपेक्षा खांद्याचीच तक्रार अधिक करतो. नातेवाइकांचे निदान तयार असते: टेबलावर हात अवघडला असेल, उशी वाकडी झाली असेल, नाहीतर उसण भरली असेल, आणि कोणीतरी बाम चोळायला बसते. खांद्याला मात्र काहीही झालेले नसते. शस्त्रक्रियेच्या वेळी आत काम करायला जागा मिळावी म्हणून पोटात साधारणपणे १२ ते १५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरतात आणि शेवटी तो बाहेर काढला तरी थोडासा मागे राहतोच. रुग्ण बसता झाला की हा उरलेला वायू वर चढून श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या, खाली साठतो आणि तिथल्या चेतांना (मज्जातंतूंना) डिवचतो. दोन-तीन दिवसांत तो शोषला जातो आणि दुखणे थांबते. पण चिथावणी छाती आणि पोटाच्या सीमेवर असताना वेदना खांद्यावर का उमटावी, याचे उत्तर शोधायला भ्रूणाच्या चौथ्या आठवड्यापर्यंत मागे जावे लागते.

त्याआधी श्वासपटलाची रचना थोडक्यात पाहू. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत ते फुप्फुसांच्या खालच्या एका वाकड्या रेघेएवढे असते. प्रत्यक्षात तो दोन घुमटांचा पडदा आहे, कडेने स्नायूचा आणि मध्यभागी पांढऱ्या, चिवट कंडरा-ऊतीचा. पुढे तो उरोस्थीच्या टोकाला, बाजूंनी खालच्या सहा बरगड्यांना आणि मागे दोन जाड पट्ट्यांनी कमरेच्या वरच्या मणक्यांना चिकटलेला असतो. त्याच्या वर दोन फुप्फुसावरणे आणि हृदयावरण अशा तीन बंद पिशव्या असतात, तर खाली उदरावरणाची एक मोठी पिशवी. श्वास पूर्ण सोडला असताना उजवा घुमट यकृतासह जवळजवळ स्तनाग्राच्या पातळीपर्यंत चढलेला असतो, आणि म्हणूनच छातीच्या खालच्या भागात घुसलेला सुरा यकृताला किंवा प्लीहेला जखम करू शकतो. स्नायू आकसला की घुमट सपाट होतात, छातीतली जागा वाढते, दाब उतरतो आणि हवा आत येते. त्याच वेळी खाली ढकलल्या गेलेल्या अवयवांमुळे पोट पुढे येते. ‘पोटात श्वास भरा’ ही योगवर्गातली सूचना कृती म्हणून योग्यच आहे, परंतु त्यामुळे नाभीपर्यंत प्राणवायू पोचतो आणि आतडी ‘शुद्ध’ होतात, हे हल्ली चित्रफितींतून सांगितले जाणारे पुढचे शास्त्र निव्वळ बनाव आहे. हवा श्वासपटलाच्या वरच राहते.

आता मूळ मुद्दा. चौथ्या आठवड्यात भ्रूण जेमतेम चार मिलिमीटरांचा असतो आणि त्याच्या शरीरात छाती व पोट असे वेगळे काही नसते. असते ती एकच सलग देहगुहा. हृदय आणि यकृताचा अंकुर यांच्यामध्ये ऊतीचा एक जाड पट्टा आडवा पसरलेला असतो. श्वासपटलाची मध्यवर्ती कंडरा-ऊती याच आडव्या पट्ट्यापासून बनते, आणि त्या वेळी हा पट्टा भ्रूणाच्या मानेच्या खंडांसमोर, म्हणजे पाठीच्या बाजूला एकाखाली एक रचलेल्या तुकड्यांपैकी मानेतल्यांसमोर, असतो. जो भाग ज्या खंडाशेजारी तयार होतो, त्याला त्याच खंडाची चेता मिळते, हा शरीराच्या घडणीचा सर्वसाधारण नियम आहे. त्याप्रमाणे मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खंडांतून निघालेले चेतातंतू या पट्ट्यात शिरतात. पुढे श्वासपटलाचा स्नायू ज्या पेशींपासून तयार होतो, त्याही मानेच्याच खंडांतून येतात.

यानंतर श्वासपटल ‘खाली उतरते’ असे सांगण्याची पद्धत आहे. मला ते अर्धवट वाटते, कारण पट्टा स्वतःहून फारसा प्रवास करत नाही. त्याच्या पाठीमागचा भाग, म्हणजे भावी पाठीचा कणा आणि मेरुरज्जू, इतक्या झपाट्याने वाढतो की पुढच्या बाजूचे अवयव त्याच्या तुलनेत मागे, म्हणजे खाली, राहतात. सहाव्या आठवड्यात हा पट्टा छातीच्या खंडांसमोर आलेला असतो आणि आठव्या आठवड्यात त्याची मागची कड कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी पोचते. चेता मात्र आधीच जोडलेली असल्यामुळे तिला लांबत जाण्यावाचून पर्याय नसतो. बिऱ्हाड शहरात हलले, पण रेशनकार्ड गावच्या पत्त्यावरच राहिले, तसा हा प्रकार आहे.

प्रौढ शरीरात या लांबलेल्या चेतेला फ्रेनिक चेता म्हणतात आणि तिचा मार्ग पाहण्यासारखा असतो. मानेत ती एका उभ्या स्नायूच्या पुढच्या पृष्ठभागावरून उतरते, गळपट्टीच्या हाडामागून हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनी आणि शीर यांच्या मधून छातीत शिरते, फुप्फुसाच्या मुळाच्या पुढून जाते आणि हृदयावरणाला चिकटून श्वासपटलापर्यंत पोचते. श्वासपटलाला हालचालीचा आदेश देणारी चेता ही एवढीच, डाव्या अर्ध्या भागाला डावी आणि उजव्या भागाला उजवी. मणक्याची दुखापत मानेच्या पाचव्या खंडाच्या खाली झाली, तर हातपाय लुळे पडूनही रुग्ण स्वतःचा श्वास घेत राहतो. तीच तिसऱ्या खंडाच्या वर झाली, तर कृत्रिम श्वासयंत्रावाचून तो जगत नाही.

याच चेतेतून श्वासपटलाच्या मध्यभागाच्या संवेदना उलट दिशेने मेरुरज्जूकडे जातात. खांद्यावरच्या त्वचेच्या संवेदनाही मानेच्या तिसऱ्या-चौथ्या खंडांतच पोचतात. मेंदूला आयुष्यभर त्या खंडांतून वार्ता येते ती त्वचेची, श्वासपटलाची क्वचितच. त्यामुळे तिथून वेदना आली की मेंदू ती खांद्याच्या नावावर टाकतो. पडद्याच्या कडांच्या संवेदना खालच्या बरगड्यांमधल्या चेतांकडे असल्यामुळे तिथली वेदना पोटाच्या भिंतीवर जाणवते, आणि म्हणूनच फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झालेले मूल कधी कधी फक्त ‘पोट दुखते’ एवढेच सांगते.

प्लीहा फुटून पोटात रक्त साठल्यावर डावा खांदा दुखतो; या खुणेला जर्मन शल्यविशारद हान्स केर यांचे नाव दिलेले आहे. यकृतात अमीबाजन्य गळू झाले असता उजव्या खांद्यात कळ येऊ शकते. आपल्याकडे उसणीवर पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. अपघातानंतर डावा खांदा दुखतो म्हणणाऱ्याच्या पाठीवर पाय देणे ही मात्र जीवघेणी गंमत ठरेल.

पडद्याला तीन मोठ्या वाटा आहेत. अधोमहाशीर, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, कंडरा-ऊतीतून, छातीच्या आठव्या मणक्याच्या पातळीवर वर जाते, त्यामुळे श्वास घेताना ती वाट आवळत नाही, उलट रुंदावते. अन्ननलिका दहाव्या मणक्याच्या पातळीवर स्नायूतून उतरते. महाधमनी बाराव्या मणक्यापाशी पडद्याच्या मागून जाते, म्हणून स्नायूचा आकस तिला जाणवत नाही.

मागच्या बाजूची आणखी एक फट पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते, परंतु क्षयरोगाच्या देशात ती महत्त्वाची आहे. पोटाच्या मागच्या भिंतीवर, मूत्रपिंडांच्या पाठीमागे, कण्याला लागून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा सोअस नावाचा लांब स्नायू असतो. त्याच्या वरच्या टोकापाशी श्वासपटलाला धरायला हाड मिळत नाही, म्हणून ते स्नायूवरून गेलेल्या एका तंतुमय कमानीला चिकटते. छातीच्या खालच्या मणक्यांना क्षय झाला की तिथला पू या कमानीखालून सोअसच्या आवरणात उतरतो आणि त्या वेष्टणातून सरकत जांघेत फुगवटा होऊन दिसतो. त्याला उष्णता नसते, लाली नसते, वेदनाही बेताचीच असते. रुग्ण हर्निया समजून येतो. पाय सरळ केला की सोअस ताणला जातो, म्हणून तो मांडी किंचित दुमडून झोपतो. अशा वेळी जाणता डॉक्टर जांघ तपासून झाल्यावर रुग्णाला पालथे झोपवतो, कण्यावर एकेक मणका दाबून पाहतो आणि मगच एमआरआय लिहून देतो.