मुक्कामी होडीप्रवास (शिवसागर जलाशय)

मुक्कामी होडीप्रवास : तंबू, शिधा आणि पांघरुणे होडीत भरून, दिवसा पाण्यावरून वाट कापत आणि रात्री काठावर मुक्काम करत केलेला अनेक दिवसांचा प्रवास. हा छंद उत्तर अमेरिकेतील सरोवरांच्या प्रदेशात रुजला आणि त्याचे नियमही तिथेच ठरले. महाराष्ट्रात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. महाबळेश्वर, जावळी आणि पाटण या तालुक्यांत पसरलेल्या या पाण्यावर लाँच, तराफा आणि अलीकडे कयाक (वल्ह्यांची अरुंद, हलकी होडी) अशी वाहने दिसतात. मात्र इथला जलप्रवास छंद म्हणून सुरू झालेला नाही. धरणाने रस्ते बुडवले, म्हणून गावकऱ्यांना होडीत बसावे लागले. पर्यटक त्यांच्या मागून आला.

मूळ पद्धत

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत, बाउंडरी वॉटर्स नावाचे सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे राखीव अरण्य आहे. त्यात हजाराहून अधिक सरोवरे आहेत. सीमेपलीकडे कॅनडाचे क्वेटिको उद्यान त्याला लागूनच आहे. हिमयुगातील बर्फाने खडक खरवडून केलेल्या या खळग्यांत पाणी साचले, आणि एका सरोवरातून दुसऱ्यात जायला मध्ये थोडी जमीन आडवी आली. तिथे होडी डोक्यावर घेऊन चालायचे, सामान पाठीवर घ्यायचे आणि पुढच्या पाण्यात पुन्हा होडी सोडायची. हे खांद्यावरचे टप्पे तिथे आजही मीटर किंवा मैलांत मोजत नाहीत. ‘रॉड’ या जुन्या मापात मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीची लांबी.

या पाण्यावर आधी ओजिब्वे या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भूर्जाच्या सालीच्या होड्या चालत. नंतर फरचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांचे फ्रेंचभाषक वल्हेकरी त्याच वाटांनी गेले. प्रत्येकाने चाळीस किलोंच्या आसपासचे दोन गठ्ठे एका खेपेत उचलावेत, असा त्यांचा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांच्या कारखान्यांतून ॲल्युमिनियमच्या होड्या बाहेर पडल्या आणि हौशी लोकांना हा प्रवास परवडू लागला. आजची केवलर या हलक्या, चिवट धाग्याची दोघांची कनू, म्हणजे अशीच वल्ह्यांची उघडी होडी, वीस किलोंच्या आत बसते.

बाउंडरी वॉटर्सला १९६४ च्या अरण्य कायद्याने संरक्षण मिळाले आणि १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने बहुतेक सरोवरांवर मोटारबोटींना बंदी आली. एका गटात नऊ माणसे आणि चार होड्या, त्याहून जास्त नाही. काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे न्यायचे नाहीत. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या. तिथे एक लोखंडी चूल आणि झाडीत एक उघडा संडास एवढीच सोय. रात्री अन्नाची पिशवी अस्वलाच्या हाताला लागणार नाही अशी बांधायची. मोटारबोटी हटल्या, काठावरची जुनी विश्रामगृहे सरकारने विकत घेऊन हलवली, तेव्हा कुठे या प्रदेशाला आजची शांतता आली. तिथल्या स्थानिकांच्या मनात त्याची कटुता अनेक वर्षे राहिली.

बुडालेले खोरे

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या दोन रांगांमधून सरळ दक्षिणेकडे वाहते. दख्खनच्या बहुतेक नद्या पूर्वेकडे जात असताना ही हेळवाकपर्यंत दिशा बदलत नाही. तिथे काटकोनात वळून ती कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या वळणाशीच, आजच्या कोयनानगरजवळ, १९५० च्या दशकात धरणाचे काम सुरू झाले आणि १९६० च्या दशकात ते उभे राहिले. पायापासून १०३ मीटर उंच, ८०७ मीटर लांब. मागे अडलेल्या पाण्याने नदीचा दक्षिणोत्तर पट्टा व्यापला आणि सुमारे ५० किलोमीटर लांबीचा, अरुंद, अनेक फाटे फुटलेला तलाव तयार झाला. बामणोलीच्या परिसरात सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला मिळत होत्या; आता तिथे तीन दिशांना पसरलेले पाणी दिसते. नकाशावर पाहिले की हा तलाव वल्ह्यांसाठीच आखला असावा असे वाटते.

पण हा तलाव हिमयुगाने दिलेला नाही. त्याच्या तळाशी भातखाचरे, देवळे, पाणवठे आणि गावठाणे आहेत. धरणग्रस्तांना सांगली, सोलापूरपासून रायगड आणि ठाणे जिल्ह्यांपर्यंत विखरून वसवले गेले. त्यांच्या हक्काच्या जमिनीचा प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचला आहे. श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली कोयना धरणग्रस्तांनी अलीकडच्या काळातही ठिय्या दिला आहे. जे मागे राहिले ते डोंगर चढून वरच्या अंगाला सरकले. जावळीच्या या मुलखातील माणूस त्याआधीपासून मुंबईला जाऊन गोदीत, बाजारात माथाडी म्हणून राबत होता. शेत बुडाल्यावर ती वाट आणखी रुळली. काठावरची कित्येक घरे एरवी कुलूपबंद असतात आणि गणपतीत, गावच्या जत्रेत उघडतात.

माणसांचे दुसरे उठणे वन्यजीवांसाठी झाले. १९८५ मध्ये ४२३ चौरस किलोमीटरचे कोयना अभयारण्य घोषित झाले. २०१० मध्ये ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटले तेव्हा कोयना, चांदोली, कास आणि राधानगरी ही स्थळे त्या यादीत होती. अभयारण्याच्या आतली काही गावे हलली. त्यामुळे पश्चिम काठावर आज जे घनदाट, माणूस नसलेले रान दिसते त्यात निसर्गाचा वाटा आहे तसा सरकारी अधिसूचनांचाही आहे. गवा, सांबर, अस्वल, बिबट्या आणि शेकरू यांनी त्या रिकाम्या जागेचे सोने केले हेही खरे.

लाँच, तराफा आणि वल्ही

जलाशय भरल्यावर पलीकडच्या गावांचा साताऱ्याशी, महाबळेश्वरशी संबंध पाण्यावरूनच उरला. शाळा, दवाखाना, बाजार, लग्नाचे वऱ्हाड, बाळंतीण, सगळे लाँचने. जीप आणि दुचाकी तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात. तराफा म्हणजे सपाट लोखंडी बूड आणि त्यावर उभी केलेली गाडी. पहिल्यांदा चढणाऱ्याला धडकी भरते, इथला ड्रायव्हर मात्र हँडब्रेक ओढून निवांत तंबाखू मळत बसतो. कांदाटी खोऱ्यातील दरे हे माजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे मूळ गाव याच पाण्याच्या काठी आहे. तापोळ्याजवळ मोठ्या पुलाचे काम हाती घेतल्यापासून लाँचच्या भवितव्याची चर्चा काठावर चालते.

वल्ह्यांची परंपरा मात्र या खोऱ्यात उथळ आहे. डोंगरातली वेगवान, पावसाळी नदी, तिच्यावर मोठी होडी चालवायची गरजच नव्हती. खोल पाणी आले ते इंजिनाच्या काळात. वल्हे पाहायचे तर खाली कृष्णाकाठी जावे लागते. सांगलीत आणि आसपासच्या गावांत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती भरतात, वल्हेकऱ्यांचे संघ वर्षभर त्यासाठी अंग कमावतात आणि घाटावर गर्दी लोटते. पूर आला की सुक्या भोपळ्यांची सांगड किंवा गुऱ्हाळातली काहील पाण्यात टाकून पैलतीर गाठणारेही याच पट्ट्यातले. हे कसब कराडच्या वर कोयना खोऱ्यात फारसे चढलेले दिसत नाही, आणि जलाशयावर हौशी वल्हेकरी वाढायचे असतील तर शिकवणारे हात सांगलीकडून आणणे शहाणपणाचे ठरेल.

सध्या कयाक मिळतात त्या तापोळा, बामणोली भागातील काही मुक्कामाच्या ठिकाणी आणि जावळी तालुक्यातील मुनावळे येथे, जिथे पर्यटन महामंडळाने २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू केले. बहुतेकांचा वापर काठाजवळ अर्धा-एक तास फिरण्यापुरताच. धरणाच्या भिंतीजवळचा भाग सुरक्षेच्या कारणाने सर्व खासगी होड्यांना बंद असतो. त्यामुळे तापोळ्यापासून कोयनानगरपर्यंत सलग वल्हवत जाण्याची कल्पना नकाशावरच ठेवावी.

मुक्काम

इथला अनेक दिवसांचा प्रवास गावागावाने होतो. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, किंवा महाबळेश्वरहून घाट उतरून तापोळा, ही दोन प्रवेशद्वारे. पहिला मुक्काम यांपैकी एका गावी, मग लाँचने दुसऱ्या काठावर, तिथून चालत एखाद्या वाडीला आणि परत पाण्यावर, असा क्रम साधारण पडतो. कांदाटी खोऱ्यात शिरलेल्याला पर्वत आणि चकदेव ही डोंगरावरची ठिकाणे खुणावतात. चकदेवहून पुढे शिडीच्या वाटेने कोकणात उतरता येते. होडी डोक्यावर घेऊन चालण्याचा प्रसंग मात्र येत नाही, कारण पाणी एकच आहे.

रात्रीचे तंबू काठावरच्या खासगी जमिनींवर लागतात. जमीनमालकच यजमान, त्याच्या घरातल्या बाईच्या हातचे जेवण: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, सांगितले तर गावठी कोंबडीचा रस्सा. कोरडा शिधा आणून स्वतः शिजवणारेही असतात, पण गावात उतरून गावाला चार पैसे न देता निघून जाणारा पाहुणा इथे कुणाला आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे. पश्चिम काठाच्या अभयारण्यात रात्री थांबायला परवानगी नाही. परदेशातील वर्णने वाचून ‘निर्जन काठावर एकट्याचा तंबू’ मनात धरून येणाऱ्याची इथे निराशा होते. शनिवार-रविवारी मोठा स्पीकर घेऊन येणाऱ्या टोळ्या उरलीसुरली निराशा पुरी करतात.

वासोटा

या पाण्यावरून सर्वाधिक माणसे ज्या एका कारणासाठी जातात ते म्हणजे वासोटा, उर्फ व्याघ्रगड. बामणोलीला वनखात्याचा परवाना काढायचा, लाँचने तास-दीड तास जायचे, मेट इंदवली या उठलेल्या गावापाशी उतरायचे. सामानातील प्लास्टिकची तपासणी होते. पायथ्याच्या ओढ्याजवळ मारुती-गणपतीच्या मूर्ती आहेत. तिथून दाट झाडीतून चढ सुरू होतो. माथ्यावरून बाबूकड्याचा सरळ तुटलेला खडक आणि खाली कोकण दिसते.

जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये केल्यानंतर हा मुलूख स्वराज्यात आला. उत्तर पेशवाईत पंतप्रतिनिधींच्या बाजूने लढलेल्या ताई तेलिणीने वासोटा धरून ठेवला आणि पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांना तो सहजी मिळू दिला नाही. तिच्या नावाची चुरचुरीत लोकोक्ती साताऱ्यात अजून ऐकू येते. १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती पडला.

पूर्वीचे भटके वासोटा, नागेश्वराची गुहा आणि तिथून खेड तालुक्यातील चोरवणे अशी मुक्कामी वाट करत, इंदवलीत एखाद्या घरी किंवा देवळात पथारी टाकत. आता घरेच नाहीत, आणि लाँच संध्याकाळच्या आत परत आणण्याचे बंधन आहे. दिवसभराच्या धावपळीत गड पाहून होतो, रान पाहायचे राहून जाते.

ऋतू, पाणी आणि वारा

नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनच्या मध्यापासून पावसाळा सरेपर्यंत वासोट्याची वाट बंद असते आणि जलाशयावर धुके, वारा आणि डोंगरातून उतरणारे गढूळ पाणी यांचे राज्य असते. सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पूर्ण भरल्यावर जलाशयात १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते आणि पातळी समुद्रसपाटीपासून २,१६३ फुटांवर जाते. पावसाळ्यात स्थानिक वर्तमानपत्रे हे फूट रोज छापतात आणि काठावरची माणसे ते वाचूनच लाँच कुठे लागेल याचा अंदाज बांधतात. यातील ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडून वीज तयार करता येते. चार टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळालाच भोक पाडण्याचे ‘लेक टॅपिंग’ झाले आणि २०१२ मध्ये ते पुन्हा करण्यात आले. बंगालच्या उपसागराला जायचे पाणी अशा रीतीने कोकणातल्या वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रात पोहोचते, आणि मुंबईतले दिवे लागले की इथला काठ खाली सरकतो.

होडीवाल्याच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. डिसेंबरात झाडीला लागून असलेले पाणी मे महिन्यात खूप खाली गेलेले असते. मध्ये उघडी, लाल, भेगाळलेली उतरंड राहते. तिच्या खालच्या अंगाला गाळ इतका मऊ असतो की कयाक काठाला लागली तरी उतरणारा गुडघ्यापर्यंत रुततो. जुन्या झाडांची खोडे पाण्याखाली हातभर अंतरावर येतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर कुठे कुठे गाळपेर, म्हणजे ओल्या गाळातली पेरणी, होते; म्हणून तंबू ठोकण्याआधी ते कुणाचे पीक आहे का हे विचारावे.

वाऱ्याचा हिशेब वेगळा. दोन उंच रांगांमध्ये लांबच लांब पसरलेल्या पाण्यावर सकाळी लाट नसते. दुपारनंतर वारा उठला की मध्यभागी हलकी होडी सरळ धरणे नवख्याला जमत नाही. म्हणून वल्हवणे सकाळी उरकावे, काठ धरून जावे आणि रुंद भाग लाँचने ओलांडावा. लाइफ जॅकेट अंगात घालून बंद लावलेले हवे, बाकाखाली ठेवलेले नको. मोबाइलला अनेक फाट्यांत रेंज नसते, त्यामुळे लाँचवाल्याला परतीची वेळ आणि जागा आधीच ठरवून सांगावी लागते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे मरण पावली आणि धरणाच्या भिंतीला तडे गेले. जलाशयातील पाण्याचा भार आणि भूकंप यांचा संबंध शास्त्रज्ञ तेव्हापासून तपासत आहेत. लहान धक्के अजूनही बसतात. काठावर मुक्कामाला असलेला पाहुणा दचकून उठतो, आणि यजमान कूस बदलून पुन्हा झोपतो.