ड्राय शिपर आणि नायट्रोजनचा साधा कंटेनर: मिल्ट नक्की कशातून आणायचं?

गाई भरवायला येणाऱ्या डॉक्टरच्या गाडीला नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला असतो, तो बघून बऱ्याच हॅचरीवाल्यांना वाटतं की रोहू-कटल्याचं फ्रोजन मिल्टपण (म्हणजे नर माशाचं वीर्य) त्यातूनच येईल. लखनौच्या एनबीएफजीआरसारख्या (माशांच्या जनुकीय संपत्तीवर काम करणारी सरकारी संस्था) ठिकाणाहून काही आणायचं म्हटलं तर आधी हा साधा कंटेनर आणि ड्राय शिपर यातला फरक समजून घ्या, कारण बाहेरून दोन्ही भांडी सेमच दिसतात.

साध्या कंटेनरमध्ये द्रव नायट्रोजन मोकळा असतो, स्ट्रॉ (वीर्य भरलेल्या बारीक नळ्या) त्यात बुडलेल्या, तापमान उणे 196 अंश सेल्सिअस. एका जागी उभा ठेवला आणि वेळेवर टॉपअप केला तर सांभाळायला मस्त. पण प्रवासात आडवा झाला की सांडणार, आणि सांडलेल्या 1 लिटरचा जवळजवळ 700 लिटर गॅस होतो, बंद गाडीत काच खाली नसेल तर जीवावर बेतेल.

ड्राय शिपरच्या आत सच्छिद्र मटेरियलचं अस्तर असतं, ते नायट्रोजन शोषून धरतं, वरचा मोकळा ओतून टाकायचा, स्ट्रॉ नुसत्या वाफेत राहतात, तरी नीट भरलेला असेल तर उणे 150 च्या खालीच. म्हणून विमानालाही हाच सोयीचा पडतो. आणि प्लीज, ड्राय म्हणजे ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) समजू नका, तो उणे 78 चा, त्यात स्ट्रॉ कडक दिसते पण आतले बर्फाचे स्फटिक वाढत राहतात, मिल्ट कामातून गेलं.

घोळ होतो तो भरताना. एकदा ओतलं, वरपर्यंत दिसलं, झालं असं नसतं, अस्तर हळूहळू पितं, काही मॉडेलला पूर्ण दिवस लागतो. वजनकाट्यावर ठेवून ओतत राहा, वजन वाढायचं थांबलं की भरला. निघतानाचं वजन लिहून ठेवा, पोचल्यावर परत वजन करा, वाटेत किती उडाला ते लगेच कळतं. शिपर किती दिवस थंड राहील म्हणून कंपनी सांगते ते दिवस उभ्या ठेवलेल्या भांड्याचे असतात, कुरिअरवाल्याने आडवा टाकला तर बरेच कमी धरा.

पोचल्यावर स्ट्रॉ साध्या कंटेनरमध्ये हलवायच्या, म्हणजे दोन्ही लागतातच. वितळवल्यावर कापायच्या आधी स्ट्रॉ बाहेरून कोरडी पुसा, पाण्याचा थेंब आत गेला की शुक्राणू पोहायला लागतात आणि मिनिटभरातच दमतात.

गाईला एक स्ट्रॉ पुरते, रोहूची मादी किलोमागे लाख-दोन लाख अंडी देते, त्यामुळे स्ट्रॉ भरपूर लागतात आणि शिपरमध्ये अस्तरानेच बरीच जागा खाल्लेली असते, तेव्हा आधी स्ट्रॉचा आकडा विचारा आणि मगच शिपरची साइज ठरवा.