लठ्ठपणाचे संशोधन: वजनाची रेषा आणि जीवनशैलीच्या चाचण्या

वजनाचा आयुर्मानाशी असलेला संबंध आकड्यांत मांडण्याचे काम प्रथम आयुर्विमा कंपन्यांनी केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्याकडे विमाधारकांच्या उंची-वजनाच्या आणि मृत्यूच्या प्रचंड नोंदी साठल्या होत्या आणि जाड व्यक्तीचा विमा उतरवताना हप्ता किती वाढवावा हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न होता. १९४२-४३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने वजनाचे तक्ते प्रसिद्ध केले, १९५९ मध्ये ते सुधारले गेले आणि डॉक्टरांनी त्यांचाच आधार दीर्घकाळ घेतला. त्यांत वजन कपड्यांसह आणि उंची बुटांसह धरलेली होती, तसेच काही आकडे मोजलेले नव्हते, तर विमाधारकांनी स्वतः सांगितलेले होते. शरीराचा बांधा लहान, मध्यम की मोठा, यानुसार तक्त्यात तीन रकाने होते, पण बांधा ठरवायचा कसा याची कोणतीही रीत दिलेली नव्हती. शिवाय विमा उतरवणारा वर्ग म्हणजे सगळा समाज नव्हे. तरीही जास्त वजन आणि लवकर मृत्यू यांचा संबंध या नोंदींतून ठळकपणे पुढे आला, हे मान्य करावे लागते.

या तक्त्यांची जागा पुढे बीएमआयने, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याने, घेतली. प्रौढ माणसांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे निरीक्षण १८३० च्या दशकात एका बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने 'सरासरी माणसा'चा शोध घेताना नोंदवले होते. त्याचा लठ्ठपणाशी काही संबंध नव्हता. १९७२ मध्ये पाच देशांतील सुमारे ७,४०० पुरुषांच्या मोजमापांवरून हाच भागाकार इतर सूत्रांशी ताडून पाहण्यात आला, त्वचेच्या घडीची जाडी आणि शरीराची घनता यांच्याशी तो त्यातल्या त्यात बरा जुळतो असे दिसले आणि 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तिथे रूढ झाले. त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या. लोकसमूहांची तुलना करण्यासाठी सोपे आणि स्वस्त माप, एवढीच त्याची भूमिका होती.

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हा प्रश्न स्वतंत्र वाटेने आला. १९४७ मध्येच एका फ्रेंच डॉक्टरने पोटाभोवती चरबी साठणाऱ्यांना मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार अधिक होतात असे लिहिले होते, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८४ मध्ये स्वीडनमधील दीर्घकालीन पाहण्यांनी कंबर आणि नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर हृदयविकाराचे भाकीत करते असे दाखवल्यावर हा विषय मुख्य प्रवाहात आला. दरम्यान १९५० च्या दशकात लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी झाली होती. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या तुलनेत जिने चढत-उतरत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. लागलीच शंका आली की चालक मुळातच जाड असतील. तेव्हा संशोधकांनी गणवेशांच्या मापांची नोंद तपासली आणि चालकांच्या पाटलोणीची कंबर वाहकांपेक्षा खरोखरच मोठी निघाली, म्हणजे काही फरक नोकरीत येण्याआधीचाच होता. व्यायामाचा परिणाम आणि शरीरयष्टीचा परिणाम वेगळे काढणे किती अवघड आहे, हे इतक्या साध्या पुराव्याने क्वचितच कुणी दाखवले असेल.

धोक्यांची यादी यानंतर वाढतच गेली. १९८३ मध्ये एका अमेरिकन शहरातील २६ वर्षांच्या पाठपुराव्याने लठ्ठपणा हा रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे घटक वगळूनही हृदयविकाराचा स्वतंत्र धोका आहे असे म्हटले. २०१६ पर्यंत तेरा प्रकारच्या कर्करोगांशी त्याचा संबंध पुरेशा पुराव्याने मान्य झाला.

प्रश्न उरला तो कोणत्या बीएमआयपासून वजन जास्त मानायचे या रेषेचा, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांच्या एका परिषदेने जास्त वजनाची मर्यादा पुरुषांसाठी २७.८ आणि स्त्रियांसाठी २७.३ अशी ठरवली. हे आकडे विशीतील लोकांच्या राष्ट्रीय पाहणीतून आले होते. त्यांच्यापैकी सर्वाधिक बीएमआय असलेले पंधरा टक्के जिथून सुरू होतात, ती ही जागा. म्हणजे ही मर्यादा आजाराच्या धोक्यावरून काढलेली नव्हती, ती समाजातील वजनांच्या वाटपावरून आली होती. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर जास्त वजनासाठी २५ आणि लठ्ठपणासाठी ३० हे गोल आकडे सुचवले गेले आणि जून १९९८ मध्ये अमेरिकेतील नव्या मार्गदर्शक सूचनांनी ते स्वीकारले. मर्यादा स्त्री-पुरुषांना आणि सर्व वयाच्या प्रौढांना एकच झाली. या बदलाने अडीच ते तीन कोटी अमेरिकन नागरिक, ज्यांचे वजन आदल्या दिवशी ठीक समजले जात होते, एका दिवसात जास्त वजनाचे ठरले.

समर्थकांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. रक्तदाब, रक्तातील साखर आणि स्निग्ध पदार्थ हे सारे बीएमआय २५ च्या आसपास चढू लागलेले असतात. देशोदेशींच्या आकडेवारीची तुलना करायची तर मर्यादा एकच हवी, आणि लवकर सावध केलेला माणूस अधिक सहज सावरतो, असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांचे म्हणणे असे की धोका चढणीसारखा हळूहळू वाढतो, त्यात २५ वर कोणतीही पायरी नाही. वयस्कर लोकांत तर मध्यम जास्त वजनाचा मृत्यूशी संबंध फारच क्षीण दिसतो. वजन कमी करण्याच्या औषधांच्या उद्योगाशी काही तज्ज्ञांचे आर्थिक संबंध होते, हा आक्षेपही घेतला गेला. या सगळ्या गदारोळात त्या सूचनांमधील एक महत्त्वाचा बारकावा दोन्ही बाजूंनी दुर्लक्षिला, असे माझे मत आहे. २५ ते ३० या पट्ट्यातील व्यक्तीला वजन उतरवण्याचे उपचार सरसकट सांगितलेलेच नव्हते. कमरेचा घेर पुरुषांत १०२ किंवा स्त्रियांत ८८ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, अथवा बीएमआय या पट्ट्यात असून धोक्याचे आणखी दोन घटक असतील, तरच उपचार सुचवले होते. बाकीच्यांनी वजन आणखी वाढू देऊ नये, इतकेच अपेक्षित होते. लोकांपर्यंत मात्र फक्त २५ हा आकडा पोहोचला.

मृत्यूंच्या हिशेबाने वाद आणखी पेटला. २००४ मध्ये अमेरिकेतील एका सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चुकीचा आहार आणि व्यायामाचा अभाव यांमुळे वर्षाला सुमारे ४ लाख मृत्यू होतात असे सांगितले, नंतर तो आकडा ३ लाख ६५ हजारांवर आणला. दुसऱ्याच वर्षी त्याच संस्थेतील दुसऱ्या गटाने लठ्ठपणामुळे होणारे अतिरिक्त मृत्यू सुमारे १ लाख १२ हजार असल्याचे मांडले आणि २५ ते ३० च्या पट्ट्यात तर अपेक्षेपेक्षा कमी मृत्यू दिसले. २०१३ मध्ये ९७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात या पट्ट्यातील मृत्युदर 'सामान्य' वजनाच्या लोकांपेक्षा ६ टक्के कमी आढळला. त्यावर कडक टीका झाली: धूम्रपान करणारे आणि आजारपणामुळे वजन घटलेले लोक 'सामान्य' गटात मिसळले की तो गट विनाकारण अधिक धोक्याचा दिसतो. २०१६ मध्ये २३९ अभ्यासांतील १ कोटीहून अधिक लोकांच्या विश्लेषणातून कधीही धूम्रपान न केलेल्या आणि दीर्घ आजार नसलेल्या व्यक्ती निवडल्यावर सर्वांत कमी मृत्युदर २० ते २५ च्या दरम्यान दिसला. दुसरीकडे आशियाई लोकांत कमी बीएमआयलाही मधुमेह होतो, हे स्पष्ट झाल्यामुळे २००४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मूळ मर्यादा कायम ठेवून २३ आणि २७.५ हे कृतीचे अतिरिक्त टप्पे सुचवले. एकाच व्यक्तीला एका देशात निरोगी आणि दुसऱ्या देशात जोखमीची ठरवता येईल, अशी स्थिती त्यातून आली.

जीवनशैलीतील बदलांवरच्या चाचण्या या वादाच्या शेजारीच घडत होत्या. या पुराव्याचे मोल अधिक आहे, कारण पाहणीत फक्त संबंध दिसतो, तर चाचणीत काहीतरी बदलून पाहिलेले असते. पहिली मोठी चाचणी १९८६ मध्ये उत्तर चीनमधील एका तेलनगरीत सुरू झाली. साखर वाढीला लागलेल्या पण मधुमेह न झालेल्या ५७७ व्यक्ती ३३ दवाखान्यांतून घेण्यात आल्या आणि आहार, व्यायाम, दोन्ही किंवा यांपैकी काहीच नाही, अशी विभागणी व्यक्तीनिहाय न करता दवाखानानिहाय करण्यात आली. सहा वर्षांत मधुमेहाचा धोका आहाराच्या गटात ३१, व्यायामाच्या ४६ आणि एकत्रित गटात ४२ टक्क्यांनी कमी झाला. तीस वर्षांच्या पाठपुराव्यात या लोकांना मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा झाला आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या घटनाही कमी होत्या. सहा वर्षांच्या प्रयत्नाचा परिणाम इतका टिकावा, हे खरोखर उल्लेखनीय आहे.

२००१ मध्ये फिनलंडमधील ५२२ जणांच्या चाचणीत मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. २००२ मध्ये अमेरिकेतील ३,२३४ जणांच्या चाचणीतही नेमका तोच आकडा आला, तर मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाच्या गोळ्यांनी ३१ टक्के घट झाली. या अमेरिकन चाचणीची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक सहभागी व्यक्तीला एक मार्गदर्शक नेमून दिला होता, पहिल्या २४ आठवड्यांत आहार, चालणे आणि सवयी यांवर सोळा पाठ एकेकट्याने शिकवले जात, आणि उद्दिष्टे दोनच होती: ७ टक्के वजन कमी करणे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्याइतका व्यायाम करणे. पाठ संपले तेव्हा निम्म्या लोकांनी वजनाचे उद्दिष्ट गाठले होते, शेवटच्या भेटीपर्यंत ते प्रमाण ३८ टक्क्यांवर आले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. या सहभागी व्यक्तींचा सुरुवातीचा सरासरी बीएमआय ३४ होता आणि सरासरी वजन ९४ किलो. त्यांचे वजन सरासरी ५.६ किलोने उतरले. म्हणजे वजन उतरूनही सरासरी व्यक्ती ३० च्या वरच राहिली, २५ ची रेषा तर फार दूर. तरीही मधुमेहाचा धोका निम्म्याहून अधिक घटला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील ५३१ जणांच्या चाचणीत तर जीवनशैलीच्या गटाचे वजन जवळपास हललेच नाही, पण मधुमेह २८.५ टक्क्यांनी कमी झाला. रेषेवर इतकी शाई खर्च होत असताना तिच्या अलीकडे न येताच लोकांचा फायदा होत होता, ही बाब डॉक्टरांच्या खोलीत पोहोचायला हवी होती तितकी पोहोचली नाही. 'अजून वीस किलो जास्त आहे' असे ऐकून निराश होणाऱ्या माणसाला पाच-सहा किलोंचे मोल कुणीतरी सांगायला हवे होते.

याउलट उदाहरणही अमेरिकेतलेच आहे. मधुमेह आधीच झालेल्या ५,१४५ जाड व्यक्तींवर २००१ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत पहिल्याच वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन उतरले, हे मोठेच यश होते. पण जवळपास दहा वर्षांनंतरही हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू कमी झाले नाहीत, म्हणून २०१२ मध्ये चाचणी थांबवण्यात आली. बातम्यांत ती फसली असे छापून आले, ते मला अन्यायाचे वाटते. सहभागी लोकांची हालचाल सुधारली, झोपेतील श्वास अडकण्याचा त्रास घटला, मूत्रपिंडाचे विकार कमी झाले आणि औषधेही कमी लागली. २०१७ मध्ये ब्रिटनमधील चाचणीने वेगळी वाट धरली: तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार, मग हळूहळू नेहमीचे जेवण. वर्षअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, आणि १५ किलो किंवा अधिक वजन उतरलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. दुसऱ्या वर्षी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले.

उतरलेले वजन परत का चढते, याचा दोष बराच काळ इच्छाशक्तीवर टाकला गेला. १९९० च्या एका प्रयोगात बारा जुळ्या जोड्यांना शंभर दिवसांच्या काळात आठवड्यातून सहा दिवस रोज हजार कॅलरी जादा देण्यात आल्या. अन्न सर्वांना सारखेच जादा होते, पण वजन कुणाचे ४.३ किलोने वाढले तर कुणाचे १३.३ किलोने, आणि जुळी भावंडे मात्र एकमेकांच्या जवळपास राहिली. १९९४ मध्ये चरबीच्या पेशींतून निघून मेंदूला साठ्याची खबर देणाऱ्या लेप्टिनचा शोध लागला आणि वजन उतरू लागताच शरीर भूक वाढवून व ऊर्जेचा खर्च घटवून प्रतिकार करते, हे चित्र स्पष्ट झाले.

औषधांचा इतिहास मोठा दुःखद आहे. हृदयाच्या झडपा बिघडवणारे एक औषध १९९७ मध्ये आणि हृदयाचा धोका वाढवणारे दुसरे २०१० मध्ये बाजारातून काढावे लागले. २०२१ मध्ये आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनाने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. तुलनेच्या गटाला नुसत्या जीवनशैलीच्या मार्गदर्शनाने २.४ टक्के उतरवता आले. मार्गदर्शन दोन्ही गटांना होते, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आले. २०२५ च्या सुरुवातीला एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने केवळ बीएमआयवरून निदान करू नये, कमरेच्या घेरासारखे दुसरे माप घ्यावे आणि अवयवांवर परिणाम दिसणाऱ्या लठ्ठपणाला आजार मानून बाकीच्यांना आजारपूर्व टप्प्यात धरावे, असे सुचवले. सेमाग्लुटाइडच्या १७,६०४ जणांवरील चाचणीत हृदयाच्या गंभीर घटना २० टक्क्यांनी घटल्या, आणि नंतरच्या विश्लेषणात हा लाभ वजन किती उतरले यावर फारसा अवलंबून नव्हता. कमरेचा घेर कमी होण्याने त्या लाभाचा सुमारे एकतृतीयांश भाग समजावता येतो, उरलेल्याचे कारण शोधणे सुरू आहे.