येशू कोण? निकेआची परिषद आणि ठाण्यातली १५ घरं

वाशीपासून पनवेलपर्यंत रविवारी सकाळी मराठी, मल्याळम, कोंकणी, तमिळ, इंग्रजी अशा कितीतरी भाषांत उपासना चालते. गीतं वेगळी, पाळकांचा पोशाख वेगळा, वेदीची मांडणी वेगळी. तरी त्यातल्या अनेक चर्चमध्ये मंडळी उभी राहून एकच मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणते: येशू ख्रिस्त देवाचा एकुलता एक पुत्र, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव, पित्याशी एकतत्त्व. या शब्दांचा गाभा इ.स. ३२५ मध्ये निकेआ (आजच्या तुर्कस्तानात) इथल्या बिशपांच्या परिषदेत ठरला. २०२५ मध्ये त्याला १७०० वर्षं झाली. बायबल अभ्यासाला बसलं की कधी ना कधी कोणीतरी विचारतंच, की हे सगळं पवित्र शास्त्रात आहे का, की एका रोमन सम्राटाने ते आपल्यावर लादलं? हा प्रश्न टाळू नये. त्याचं उत्तर शोधताना आपण थेट ठाण्यात येऊन पोहोचतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. परमेश्वर एकच आहे, हे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होतं. अशी माणसं मूर्तीपुढे कधी झुकली नसती, माणसापुढे तर नाहीच. तरीही योहानाच्या शुभवर्तमानात थोमा पुनरुत्थित येशूला ‘माझा प्रभू आणि माझा देव’ म्हणतो आणि येशू त्याला थांबवत नाही. त्याच शुभवर्तमानाची सुरुवात सांगते की शब्द देव होता आणि तो देही झाला. दुसऱ्या बाजूने पाहा: हाच येशू थकून विहिरीपाशी बसतो, लाजराच्या कबरीजवळ रडतो. शेवटच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असं मार्काच्या तेराव्या अध्यायात तो स्वतः सांगतो. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हेही त्याचेच शब्द. नव्या करारात ही दोन्ही टोकं शेजारी शेजारी आहेत. कोणत्याही लेखकाने त्यातलं एक कापून दुसरं सोपं केलेलं नाही.

निकेआची परिषद बोलावणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइनने येशूला देव ठरवलं, असं जे सांगितलं जातं ते टिकत नाही. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं पत्र पहिल्या शतकाच्या मध्यानंतर लवकरच लिहिलेलं आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असून त्याने दासाचं रूप घेतलं, असं स्पष्ट येतं. बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी हा ख्रिस्ती नव्हता. त्याने साधारण ११२ मध्ये सम्राट त्राजानला कळवलं की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. निकेआ हे शहर त्याच बिथिनियातलं. म्हणजे जिथे परिषद भरली त्याच मुलुखात दोनशे वर्षं आधीपासून ही भक्ती चालत होती.

मग परिषदेची गरज का पडली? अलेक्झांड्रियाचा पाळक आरियस बायबल घेऊनच उभा राहिला होता, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावं लागलं. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातलं ‘परमेश्वराने मला आरंभी घडवलं’ अशा अर्थाचं वचन, ‘पिता थोर आहे’ हे वचन, अशी वचनं त्याने पुढे केली. पुत्र हा देवाने निर्माण केलेला पहिला आणि सर्वोच्च जीव आहे आणि तो नव्हता असा एक काळ होता, असं त्याचं म्हणणं. लोकांच्या तोंडी बसावं म्हणून त्याने ते गाण्यांत बांधलं. निकेआत जमलेल्या सुमारे ३०० बिशपांनी ते नाकारलं. मात्र तिथे बायबलची पुस्तकं मतदानाने निवडली गेली नाहीत. ती कथा बरीच उशिराची आहे. वाद तिथेच मिटला असंही नाही. अलेक्झांड्रियाचा नंतरचा बिशप अथानासियस याला निकेआच्या विश्वासापायी पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं आणि ते बहुतेक वेळा ख्रिस्ती सम्राटांच्याच हुकमाने. सम्राटाच्या मर्जीने सिद्धांत ठरला असता, तर आज आपण आरियसचं मत म्हणत असतो. मतांगीकारातला पवित्र आत्म्याविषयीचा भाग ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला जातो.

पुढचा प्रश्न जास्त नाजूक होता आणि ठाण्याशी त्याचंच नातं आहे. येशू खरा देव आणि खरा माणूस असेल, तर या दोन्हींचा मेळ कसा बसतो? कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्तोरियस म्हणाला की मरियेला ‘देवमाता’ म्हणताना जपायला हवं, ‘ख्रिस्तमाता’ म्हणणं योग्य; नाहीतर दैवी स्वभाव तान्ह्या बाळासारखा जन्मला असा समज होईल. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याला भीती वाटली की अशाने ख्रिस्ताचे दोन तुकडे पडतील. ४३१ मध्ये इफिससला परिषद भरली. नेस्तोरियसच्या बाजूचे अंत्युखियाचे बिशप येऊन पोहोचायच्या आतच तिचं काम सुरू झालं आणि नेस्तोरियस पदावरून गेला. हा निवाडा घाईचा होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. नेस्तोरियसने हद्दपारीत लिहिलेल्या पुस्तकाची सिरियाक प्रत पुढे सापडली आणि १९१० मध्ये छापली गेली. त्याच्यावर ठेवलेला आरोप त्याच्या स्वतःच्या शब्दांशी पूर्ण जुळतो का, यावर अभ्यासक तेव्हापासून पुन्हा विचार करू लागले. ४५१ च्या खल्केदोनच्या परिषदेने दोन्ही बाजूंची काळजी घेणारं सूत्र दिलं: एकच ख्रिस्त, दोन स्वभाव, ते न मिसळता, न बदलता, न विभागता, न तुटता. मिसर, आर्मेनिया आणि सिरियातल्या पुष्कळ मंडळ्यांना तेही पटलं नाही आणि त्या वेगळ्या राहिल्या.

रोमच्या सीमेपलीकडे, पर्शियात, पूर्वेची मंडळी होती. इफिससला तिचे प्रतिनिधी नव्हते. रोम आणि पर्शिया एकमेकांचे शत्रू, त्यामुळे शत्रूच्या राजधानीतल्या बिशपांचं ऐकणं तिला परवडणारंही नव्हतं. तिने इफिसस मानलं नाही आणि पश्चिमेने तिच्यावर नेस्तोरियन असा शिक्का मारला. ही मंडळी व्यापाराच्या वाटांनी चीनपर्यंत गेली, तशी आपल्या किनाऱ्यावरही आली. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे की कल्लियाना इथे पर्शियातून नेमलेला बिशप असतो. बरेच इतिहासकार हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण मानतात.

मग येतं १३२१. टोलेंटिनोचा थॉमस, पदुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस हे रोमच्या मंडळीतले फ्रान्सिस्कन संन्यासी होर्मुझहून निघाले होते. सोबत जॉर्डनस नावाचा डॉमिनिकन संन्यासी होता. त्यांना जायचं होतं दक्षिणेला, पण जहाजाने त्यांना ठाण्याला आणलं. थोड्याच वर्षांनी इथे आलेला ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी लिहितो की ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची १५ घरं होती. त्यांना तो फुटीर आणि पाखंडी म्हणतो. पण हे पाहुणे उतरले ते अशाच एका घरात! रोमच्या लेखी ज्यांचा विश्वास चुकलेला, त्यांनीच रोमच्या माणसांना जेवूखाऊ घातलं.

पुढे त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला आणि बायको काझीकडे गेली. साक्षीला म्हणून पाहुण्यांना बोलावणं आलं. पीटर सामान सांभाळत घरी थांबला, बाकीचे गेले. तिथे घरगुती तक्रार बाजूला पडली आणि काझीने ख्रिस्ताविषयी विचारायला सुरुवात केली. इस्लाममध्ये हजरत ईसा थोर पैगंबर आहेत, पण त्यांचं देवत्व मान्य नाही. फ्रान्सिस्कनांनी उत्तर दिलं की येशू खरा देव आणि खरा माणूस आहे. मग त्यांना मोहम्मद पैगंबरांविषयी विचारलं गेलं, त्यांनी दिलेलं उत्तर कठोर होतं आणि वाद चिघळला. एप्रिलच्या उन्हात त्यांना तासन्‌तास उभं केलं गेलं आणि शेवटी ठार मारलं गेलं. दोन दिवसांनी पीटरलाही मारलं. जॉर्डनस तेव्हा बाहेरगावी होता. परत आल्यावर त्याने चौघांना सोपाऱ्याला पुरलं. दिल्लीच्या सुलतानाने या हत्येबद्दल इथल्या अधिकाऱ्याला कडक शिक्षा दिली, असंही ओडोरिकच सांगतो. आज या घटनेवरून कोणत्याही समाजावर बोट दाखवणं मला मुळीच पटत नाही. ओडोरिकने त्या चौघांच्या अस्थी पुढे चीनमधल्या च्वानचौपर्यंत नेल्या.

या सगळ्यात मला त्या यजमान घराचं फार वाटतं. काझीपुढे जे उत्तर दिलं गेलं, ते त्या घरातल्या माणसांनी नाकारलं असतं का? पूर्वेच्या मंडळीचे मतांगीकार वाचले तर नाही असंच म्हणावं लागतं. तीही निकेआचाच विश्वास म्हणत होती.

त्या १५ घरांचं पुढे काय झालं त्याची नोंद नाही. पोर्तुगीज आले, त्यांच्या काळात तलावपाळीजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च उभं राहिलं. १८२५ मध्ये बिशप हेबरच्या हस्ते सेंट जेम्स चर्चचं समर्पण झालं. दोन्हीकडे निकेआचाच मतांगीकार. १९८८ मध्ये मूळच्या केरळमधल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. रोमशी जोडलेल्या या मंडळीची उपासना मुळात पूर्व सिरियाक परंपरेतली, म्हणजे ठाण्यातल्या त्या घरांच्याच वंशावळीतली. नवी मुंबईत अद्दै आणि मारी या पूर्वेच्या मंडळीच्या आद्य प्रेषितांच्या नावाने चालत आलेली प्रभुभोजनाची प्रार्थना आज मल्याळममध्ये ऐकू येते, ती त्यामुळेच.

११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या असिरियन मंडळीचे प्रमुख मार दिंखा चौथे यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ख्रिस्त खरा देव आणि खरा माणूस आहे हा आपला दोघांचा एकच विश्वास आहे, असं त्यांनी मान्य केलं. मरियेला कोणी देवमाता म्हणो वा ख्रिस्तमाता, दोन्ही संबोधनं योग्य ठरली. ही कबुली यायला इफिससनंतर १५६३ वर्षं लागली. दोन्ही मंडळ्यांचं पूर्ण ऐक्य मात्र झालेलं नाही. खाल्दी कॅथलिक (पूर्वेच्या मंडळीतून रोमशी जोडले गेलेले) आणि असिरियन लोकांना अडचणीच्या प्रसंगी एकमेकांच्या प्रभुभोजनात सहभागी होता यावं, एवढी मोकळीक रोमने २००१ मध्ये दिली.